नाकासमोर

फॉर्मवर एक रकाना आहे:
दिशेवरचा ताबा नेमका केव्हा सुटला?
खाली दोन ओळींची जागा.
रेजिनाहून आलेल्या थिबोबाईंनी पेन पुढे केलं.
मी म्हटलं, पेन्सिल द्या, खोडावं लागेल.

वाऱ्याचं आधी लिहितो, ते सोपं आहे.
पश्चिमेचा, बारा नॉट, मधूनच अठराचे झोत.
आमची धावपट्टी उत्तर-दक्षिण, खडीची.
वडिलांनी आखली तेव्हा कुंपणाची सोय बघितली,
वाऱ्याची नाही.
खांबावरची नारिंगी बाही विटून आता
म्हाताऱ्याच्या बनियनसारखी झालीय,
तरी ती खोटं बोलत नव्हती. मी बघितली होती.

विमान सेहेचाळीस सालचं, माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं.
पुढे दोन चाकं, शेपटीखाली एक, बशीएवढं.
असल्या विमानाचा भार चाकांच्या मागे असतो.
हवेत शेपूट निमूट मागून येते;
जमिनीवर आलं की तिला वाटतं, आपण पुढे व्हावं.
बर्फावर ब्रेक मारला की मागची ट्रॉली
ट्रकच्या खिडकीशी येऊन डोकावते ना, तसं.
चाळीस वर्षं मी तिला पावलांनी समजावत आलो,
डावं जरा, उजवं जरा.
झोपेतही पाय हलतात तुझे, ओल्हा म्हणायची,
आणि उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

त्या दिवशी यॉर्कटनहून एक पट्टा आणायचा होता.
कंबाइनचा तुटलेला, गहू उभा,
आणि रेडिओ सांगत होता, रात्री गोठणार.
रस्त्याने जाऊन-येऊन पाच तास.
मी जातो ट्रक घेऊन, मिरोन म्हणाला.
मी म्हटलं, विमान आहे तोवर आहे.
तो गप्प.
मार्चपासून गप्पच आहे.
‘विकून टाक ते, बाबा’ म्हणाला होता तेव्हा,
आणि मी जे उत्तर दिलं
ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखं नाही.

टेकलो झकास. थिबोबाई, खरंच झकास,
शेजारच्या सीटवरचा पट्टा हललासुद्धा नाही.
आणि मला वाटलं, झालं, पोचलो.
उजवीकडे शेतात कंबाइन थांबलेलं,
त्याच्या शिडीवर मिरोन,
कपाळावर हात धरून आभाळ धुंडाळणारा,
मी उतरलोय हे अजून न कळलेला.
कधीपासून उभा होता कोण जाणे.

मी बघितलं.

आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस मी.
गावात कुणालाही विचारा.
ना इकडे बघितलं, ना तिकडे,
पोरगं केव्हा माझ्याहून उंच झालं तेही नाही.
आणि बघितलं ते नेमकं तेव्हा.

नाक नजरेमागे गेलं.
डावा पाय दाबला, उशिरा; मग जास्त; मग उपयोग नव्हता.
खिडकीतून खांब गेला, कोठार गेलं,
पुन्हा तोच खांब.
डावा पंख खडीत रुतला, पाय मोडून विमान बसलं,
थकलेली गाय बसते तसं, हुंकार देऊन.
मग धूळ. मग धुळीतून
धापा टाकत बूट.

पट्टा! मिरोन ओरडत होता. पट्टा, बाबा, पट्टा!
मी शेजारचा रबरी पट्टा उचलून त्याच्या हातात दिला.
त्याने तो फेकला, दूर, धाटांत,
आणि माझ्या कमरेचा सोडवू लागला.
बोटं इतकी थरथरत होती त्याची
की शेवटी मीच सोडवला.

तर, केव्हा सुटला.
‘टेकल्यानंतर’ असं लिहितो.
दुसरी ओळ राहू दे.
तो पट्टा शोधायला आम्हाला अंधार पडला, बॅटरी घेऊन,
दोघे ओणवे,
आणि मिरोन बोलत होता. शिव्याच देत होता म्हणा,
मला, वाऱ्याला, आजोबांच्या कुंपणाला.
थांबत नव्हता.